‘ह’ तुमच्यावर
(रौप्यमहोत्सवी कोजागिरीच्या भाषणातून)

मंडळी, अंताक्षरीआधी दोनच मिनिटं घेतो. १९९३ साली झी टीव्हीवर अन्नू कपूरची ‘अंताक्षरी’ सुरू झाली. दीवाने, परवाने, मस्ताने... आठवतंय ना? केबल मोजक्या घरी, त्यामुळे आमच्या दाराशी चपलांचा ढीग! मग कोजागिरीला गच्चीवर आपल्याही तीन टीम झाल्या. तेव्हा बाथरूमच्या गळतीवरून वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी माझा वर्षभराचा अबोला होता. जिन्यात दोघंही मान वळवायचो. नेमकं त्यांचं गाणं संपलं आणि ते म्हणाले, “‘ह’ तुमच्यावर, साहेब.” मला काही सुचेना. शेवटी त्यांनीच हळूच पहिला शब्द पुरवला. ‘चीटिंग, चीटिंग’ करत त्यांच्याच टीमने गच्ची डोक्यावर घेतली! गळती काही लगेच थांबली नाही. पण पुढच्या पावसाळ्यात खाली लावायला बादली त्यांनीच आणून दिली.