नॉमिनीच्या रकान्यात कोणाचे नाव?

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत माण येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत धम्म, शिक्षण, आरक्षण, व्यसनमुक्ती हे विषय दरवर्षी होतात आणि व्हायलाच हवेत. यंदाचा आमचा विषय मात्र पत्रिकेवर छापायचा की नाही, यावर कार्यकारिणीत दोन बैठका झाल्या. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या संस्था, आणि वस्तीतल्या आपल्यासारख्या छोट्या संस्थेने त्यात काय करावे, असा हा विषय. काही ज्येष्ठ म्हणाले, "पोरांच्या फीचे प्रश्न सुटत नाहीत, तिथे हे कशाला?" प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर एवढेच की, ज्या पोरांच्या फीसाठी आपण वर्गणी काढतो, त्यांच्यातच ही पोरे आहेत. ती सांगत नाहीत, म्हणून आपल्याला दिसत नाहीत.

आम्ही बँकेत कारकून. माणूस आम्हाला भेटतो तो काउंटरच्या पलीकडे, हातात फॉर्म घेऊन. त्यामुळे या विषयाकडे आम्ही फॉर्मच्या बाजूने पाहतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्या माणचेच पाहा. भाताची खाचरे होती तिथे आज आयटी पार्कचे टॉवर आहेत. जून महिना आला की काही कंपन्यांच्या दारात सप्तरंगी झेंडे लागतात. त्याच रस्त्याने वाकडकडे निघालो की भूमकर चौकात सिग्नलला टाळी वाजवत हात पुढे करणाऱ्या तृतीयपंथी भगिनी दिसतात. झेंडा आणि हात यांच्यात तीन-चार किलोमीटरचे अंतर. पण झेंडा लावणाऱ्या किती जणांनी गाडीची काच खाली केली असेल? आणि या दोहोंच्या मध्ये, चाळीतल्या भाड्याच्या खोल्यांत, तळवडे, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत पाळ्या करणारी मुले-मुली राहतात. त्यांच्यातल्या समलिंगी मुलांना झेंड्याचा उपयोग नाही आणि टोळीचा आधार नाही. गावाकडून आईचा फोन येतो, "यंदा तरी लग्नाचं बघ." लग्न लावून दिले की प्रश्न सुटला असे आपण समजतो. सुटत नाही. त्यात एका परक्या मुलीच्या आयुष्याची भर पडते.

काहींचा समज असा की हे खूळ बाहेरून आले. इतिहास तपासला तर बाहेरून आली ती शिक्षा. इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत ३७७ वे कलम घातले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्या विमुक्त-भटक्या बांधवांना चांगला ठाऊक आहे. पण त्या कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांच्या नोंदणीचा होता, हे फार थोड्यांना माहीत असते. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. नोंद झालेल्या व्यक्तीने बायकी वेशात चारचौघांत दिसू नये, नाचू नये. इतकेच नव्हे, तिला मृत्युपत्र करता येणार नाही, दान देता येणार नाही, मूल दत्तक घेता येणार नाही, असे त्यात लिहिले होते. ज्या कागदाने पारधी, कैकाडी, बेरड यांसारख्या जमातींना जन्मजात चोर ठरवण्याचा रस्ता काढला, त्याच कागदावर ही माणसेही होती. मग ती आपल्याला परकी कशी?

बाबासाहेबांचे एक काम आपल्या व्याख्यानांतून फारसे सांगितले जात नाही. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक १९२७ पासून चालवीत. वाचकांच्या लैंगिक शंकांना ते त्यातून उघड उत्तरे देत. अशा उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते बॅरिस्टर आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजेच अश्लीलता नव्हे, माणसाला शंका पडली तर तिचे शास्त्रीय उत्तर मिळाले पाहिजे, अशी त्यांची बाजू होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. ज्या काळात बाबासाहेबांपुढे कामांचा डोंगर होता त्या काळात त्यांनी हे वकीलपत्र घेतले, याचा विचार "हे कशाला?" म्हणणाऱ्यांनी जरूर करावा.

धम्माचे काय, असे आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले. खोटे सांगून चालणार नाही. विनयपिटकात 'पंडक' म्हटलेल्यांना प्रव्रज्या नाकारलेली आहे. तो शब्द नेमका कोणाला लागू होतो यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण नकार आहे. त्याच विनयपिटकात पहिल्या पाराजिकाच्या प्रकरणात एक प्रसंग येतो. एका भिक्खूच्या ठायी स्त्रीलिंग प्रकट झाले. भिक्खूंनी ते भगवंतांना कळवले. भगवंतांनी तिला हाकलले नाही, प्रायश्चित्त दिले नाही. तीच उपसंपदा, तीच वर्षे कायम ठेवून तिने भिक्खुणींत जावे, एवढीच व्यवस्था सांगितली. म्हणजे सेवाज्येष्ठतासुद्धा तुटू दिली नाही! आमच्या खात्यात साधी बदली झाली तरी ज्येष्ठतेचे किती भांडण होते, ते आम्हीच जाणतो.

आता संस्थांकडे येऊ. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढले आणि १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' सुरू झाला. सांताक्रूझला वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत त्यांना जागा मिळाली. १९९५ मध्ये मुंबईतच 'स्त्री संगम' हा समलिंगी स्त्रियांचा गट उभा राहिला, तोच पुढे 'लेबिया' म्हणून ओळखला गेला. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' संस्थेने वेश्याव्यवसायातील स्त्रियांबरोबर काम सुरू केले आणि पुढे पुरुष व तृतीयपंथी यांनाही त्यात जोडून घेतले. आपल्या पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये 'समपथिक ट्रस्ट' स्थापन केला. खिरे अमेरिकेत संगणक क्षेत्रात नोकरी करून परत आलेले गृहस्थ. त्यांनी फोनची हेल्पलाइन चालवली आणि मराठीत पुस्तके लिहिली. 'पार्टनर' आणि 'इंद्रधनू' ही त्यांची पुस्तके आपल्या ग्रंथालयात यावीत अशी आमची सूचना आहे. पुण्यातली पहिली अभिमान पदयात्रा त्यांच्याच पुढाकाराने ११ डिसेंबर २०११ रोजी निघाली.

या संस्थांनी काय केले? पदयात्रेचा फोटो वर्तमानपत्रात येतो. रोजचे काम येत नाही. रात्री अकराला कोणी रडत फोन करते, तो उचलायचा. दवाखान्यात सोबत जायचे. पोलिसांनी त्रास दिला तर चौकीत जाऊन बसायचे. घरातून काढलेल्याला चार रात्री झोपायला जागा बघायची. २०२० च्या टाळेबंदीत रेल्वे बंद, बाजार बंद, बधाई बंद. तेव्हा सिग्नलवरच्या या भगिनींची चूल एका दिवसात विझली. केंद्र सरकारने त्या वर्षी एकदाच १५०० रुपये दिले, तेही ज्यांचे बँक खाते होते त्यांना. बाकी ठिकाणी पिठाच्या पिशव्या पोचवल्या त्या अशाच लहान संस्थांनी. हे काम आपल्याला नवे आहे का? अंत्यविधीला लाकडे, आजाऱ्याला रक्त, बाळंतिणीला रिक्षा, मुलांना वह्या, हेच तर आपण करीत आलो. फक्त दार कोणासाठी उघडे, एवढाच फरक.

कायदाही बदलला. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ३७७ वे कलम रद्दबातल केले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. म्हणजे दोन माणसे गुन्हेगार नाहीत, पण एकमेकांची कोणीही नाहीत. खरी अडचण इथे सुरू होते.

चाकणच्या एका कारखान्यातील दोन मुले इथे खोली करून सात वर्षे एकत्र राहत होती. एक आजारी पडला. दवाखान्यात सहीसाठी "नातेवाईक कोण?" असे विचारले, तेव्हा दुसरा गप्प उभा राहिला. आजारी गेला. गावाकडून भाऊ आले, दोघांनी मिळून घेतलेला फ्रीज आणि मोटारसायकल घेऊन गेले. खात्यावर नॉमिनी कोणीच नव्हता. भावांना आम्ही दोष देत नाही; त्यांना कोणी काही सांगितलेलेच नव्हते.

म्हणून विद्यार्थ्यांनी आणि कामगार बांधवांनी पुढचे नीट ऐकावे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१५ मध्ये सर्व बँकांना फॉर्मवर तृतीयपंथी हा रकाना ठेवण्यास कळवले. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ खात्याने स्पष्ट केले की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांना नॉमिनी करण्यास कोणतीही आडकाठी नाही. खरे तर ती पूर्वीही नव्हती; नॉमिनी रक्ताचाच हवा असा बँकेचा नियम नाही. पण काउंटरवरचा माणूस "नाते काय?" असे भुवई उंचावून विचारतो आणि पोरगा फॉर्म घेऊन परत जातो. 'मित्र' लिहा, सही करा, पोच घ्या. त्याच सुमारास जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच कुटुंबातले मानावे आणि जवळचा नातलग नसेल तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे, असेही केंद्राने राज्यांना कळवले.

परंतु नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याने पैसे ताब्यात घ्यायचे, हक्क वारसांचा. आपल्या बौद्धांनाही हिंदू वारसा कायदाच लागू असल्याने अविवाहित मुलाच्या मागे पहिला हक्क आईचा येतो. भविष्य निर्वाह निधीत तर कुटुंब असताना बाहेरच्याचे नाव चालतच नाही. जोडीदाराला काही द्यायचे असेल तर मृत्युपत्र हवे. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. १८७१ च्या कायद्याने ज्यांचा हा हक्क काढून घेतला होता, त्यांनी तो आज वापरलाच पाहिजे.

आपल्या शेजारच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक, ग्रीन मार्शल अशी कामे दिली आणि पन्नाशीपुढच्यांना दरमहा ३००० रुपयांची योजना जाहीर केली. हे कौतुकाचे आहे. पण माण तेव्हा ग्रामपंचायतीचे गाव. ओढ्याच्या अलीकडे राहणाऱ्याला त्या योजनेतला एक रुपयाही लागू नव्हता. हद्दीच्या बाहेर पडलेल्यांसाठीच आपल्यासारख्या संस्था असतात.

कार्यकारिणीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवल्या आणि त्या मंजूर झाल्या, याबद्दल अध्यक्ष महोदयांचे आभार. शिष्यवृत्तीच्या अर्जातील लिंग या रकान्यात तिसरा पर्याय छापला. घरातून काढलेल्या विद्यार्थ्याला, कारण न विचारता, तातडीची मदत देण्यासाठी निधीतून रक्कम बाजूला काढली. आणि मुलाला 'बरे' करण्यासाठी देवऋषीकडे वा डॉक्टरकडे नेऊ पाहणाऱ्या पालकांशी बोलायला दोन वडीलधाऱ्या उपासिका तयार झाल्या. असे 'उपचार' करणे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवले आहे, हे पालकांना सांगणारे कोणी तरी हवे.

नॉमिनीचे फॉर्म आणि मृत्युपत्राचा साधा मराठी नमुना विहाराच्या कार्यालयात ठेवला आहे. रविवारी सकाळी वंदनेनंतर दोन तास आम्ही टेबलावर बसतो. नाव कोणाचे लिहिता हे आम्ही विचारणार नाही. फक्त आधार कार्डावरच्या स्पेलिंगशी ते जुळते की नाही, तेवढे बघू.