परभाषा मुलांच्या ओठी कशी यावी?

(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवले जाते. तरीही दहावी झालेला मुलगा पाहुण्यापुढे दोन वाक्ये बोलावयाची वेळ आली की खाली मान घालतो, हे दृश्य आपल्या घरोघरी आहे. आपण त्याच्या बुद्धीला बोल लावतो. आमच्या मते दोष शिकवण्याच्या रीतीत आहे.

फ्रान्समध्ये गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात फ्रांस्वा गुअँ नावाचा एक शिक्षक होऊन गेला. जर्मन शिकण्यासाठी तो हँबर्गला गेला आणि त्याने प्रथम अख्खे व्याकरण पाठ केले. मग व्याख्यानाला जाऊन बसला, तो एक शब्द कळेना! हट्टाला पेटून त्याने महिनाभरात शब्दकोशातले तीस हजार शब्द घोकले, फळ तेच. निराश होऊन घरी परतला, तो त्याचा चिमुकला पुतण्या मध्यंतरी घडाघडा बोलू लागलेला! हे पोर एकदा पिठाची गिरणी पाहून आले आणि घरी खेळातली गिरणी मांडून, पोते भरणे, वाहून नेणे, दळणे, अशा एकेक क्रिया क्रमाने करीत व बोलत राहिले. गुअँने ओळखले की मूल भाषा क्रियांच्या साखळीतून उचलते. १८८० साली त्याने यावर ग्रंथ लिहिला. आपल्या घरातही हे सहज करता येईल. चहा करताना आई भांडे घेते, पाणी ओतते, साखर घालते. तीच वाक्ये तिने इंग्रजीत, हाताने कृती करीत म्हणावीत. आईचे इंग्रजी मोडके असले तरी बिघडत नाही.

याच्याही दोनशे वर्षे आधी मोराविया प्रांतातील कोमेनियसने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे लॅटिन व जर्मन भाषांतील सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात मुळाक्षरेच प्राण्यांच्या आवाजांवरून शिकविली आहेत; कावळा कसा ओरडतो, कोकरू कसे बेंबटते, तेथून आरंभ! हंगेरीतील शारोश्पाटक येथे शिकवीत असताना तो विद्यार्थ्यांकडून लॅटिनमध्ये नाटके करवून घेई. नाटकाचे वेड आम्हा मराठी माणसांना काय कमी आहे? मग गणेशोत्सवात मुलांकडून दहा मिनिटांची इंग्रजी नाटुकली का होऊ नयेत?

अलीकडे, म्हणजे १९६०च्या दशकात, अमेरिकेतील जेम्स अ‍ॅशर यांनी आज्ञा देऊन कृती करवून घेण्याची पद्धत मांडली. ‘उठ’, ‘दार लाव’, ‘लाल पेन्सिल आजोबांना दे’ असे परभाषेत सांगावे. मुलाने मुकाट्याने ते करावे. बोलण्याची सक्ती आरंभी मुळीच नाही. तान्हे मूल आधी महिनोन् महिने ऐकतेच ना! येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे: पाहुणे आले की ‘बाळ, पोएम म्हणून दाखव’ हा जो छळ आपण मांडतो, त्याने मूल भाषेलाच भिऊ लागते. चूक झाली की लगेच टोकू नये. तेच वाक्य आपण बरोबर उच्चारावे व पुढे जावे. व्याकरण हवेच, पण ते थोडे मोठेपणी.

दुसरीही एक बाजू आहे. आपल्या कित्येक कुटुंबांतील नातवंडे परदेशी वाढत आहेत. त्यांना मराठी हीच परभाषा होऊन बसली आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा त्यासाठी चालतात. पण आजीला दूरध्वनीवर फार काही करता येत नाही, असे समजू नये. ‘काय जेवलास?’ या नित्याच्या प्रश्नाऐवजी रोज एक खेळ खेळावा: ‘घरातली गोल वस्तू आण, पिवळी वस्तू आण’. आजीशी बोलता यावे, एवढ्या एका ओढीपुढे सारी पाठ्यपुस्तके फिकी आहेत.

कार्यकारी मंडळाने दर रविवारी सकाळी सभागृह दोन तास मोकळे द्यावे, अशी आमची विनंती आहे. खर्च फारसा नाही. चित्रांचे तक्ते, रंगीत चेंडू व दोन सतरंज्या पुरतील. निवृत्त शिक्षक-शिक्षिकांनी आपली नावे आजच चिटणिसांकडे द्यावीत.