टपाच्या मोटारीची धुरकट खिडकी

मोटारीचा टप मागें दुमडून मोकळ्या वाऱ्यांत फिरावें, ही हौस मोटारीइतकीच जुनी आहे. मात्र तिची किंमत मोजावी लागते ती मागल्या खिडकीला. घडी घालावयाच्या टपांत कांच बसविणें अवघड, म्हणून तेथें लवचीक पारदर्शक पडदा शिवण्याची वहिवाट पडली. आरंभीं हा पडदा सेल्युलॉइडचाहि असे. तें उन्हानें पिवळें पडे, तडके, आणि ठिणगी लागतांच भडके. पुढें त्याच्या जागीं पॉलिव्हिनिल क्लोराइड आलें. हा पदार्थ मूळचा ताठर. त्यांत तेलासारखीं द्रव्यें मुरवून त्यास मऊ करण्याची युक्ति अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वॉल्डो सेमन ह्यांनीं १९२६ सालीं शोधून काढिली. माझ्दा ह्या जपानी कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनांची मोटार १९८९ सालीं बाजारांत आली. तिच्या पहिल्या पिढीच्या टपालाहि झिपेनें मोकळी होणारी अशीच मऊ खिडकी होती. दुसऱ्या पिढींत कांच आली खरी. परंतु त्या जुन्या गाड्या हौशी लोकांनीं अजून जपून ठेविल्या आहेत, आणि खिडकी जुनी झाली कीं त्यांची तक्रार एकच असते : मागचें कांहीं दिसत नाहीं.

भर दुपारीं हा धुरकटपणा खपून जातो. दिवेलागणीनंतर मात्र मागून येणाऱ्या वाहनाचा झोत पडला कीं सगळी खिडकीच पांढरी होऊन पेटल्यासारखी दिसते. मागें आहे तो ट्रक कीं मोटारसायकल, जवळ कीं लांब, हें आरशांतून उमगत नाहीं. आणि गाडी बाजूस घ्यावी कीं न घ्यावी, हें तर त्याच क्षणीं ठरवावयाचें असतें.

असें कां व्हावें? कोरड्या फडक्यानें धूळ पुसली कीं तिचे कण पृष्ठभागावर बारीक ओरखडे काढितात. दरेक ओरखडा प्रकाशाला आपल्या वाटेनें फांकवितो, आणि असे हजारों ओरखडे मिळून धुकें तयार होतें. दुसरें कारण अधिक खोल आहे. उन्हांतील अतिनील किरणांनीं प्लॅस्टिक आंतून बिघडतें, मुरविलेलीं द्रव्यें हळूहळू निघून जातात आणि पडदा पिवळा व ठिसूळ होतो. पहिला दोष घांसून जातो. दुसरा जात नाहीं. म्हणून पॉलिशची बाटली विकत घेण्यापूर्वीं दोषाची परीक्षा करावी, आणि ती फुकट होते. खिडकी धुऊन वाळूं द्यावी, मग दोन्ही बाजूंस पाणी लावून तिच्यांतून पाहावें. ओली असतां ती स्वच्छ दिसली आणि वाळतांच पुन्हां धुरकटली, तर दोष वरचा. ओरखड्यांत हवेऐवजीं पाणी भरतें. पाण्याचा वक्रीभवनांक हवेपेक्षां प्लॅस्टिकच्या अधिक जवळचा असल्यामुळें किरण तितके फांकत नाहींत. घांसलेली कांच भिजविली असतां तिच्यांतून आरपार दिसूं लागतें, तें ह्याच नियमानें. ओलेपणींहि धुकें तसेंच राहिलें, तर तें पडद्याच्या अंगांत मुरलेलें आहे असें समजून श्रम व पैसा दोन्ही वांचवावे.

दोष वरचा ठरला, तर काम सावलींत करावें. प्रथम भरपूर पाणी ओतून धूळ वाहूं द्यावी, नंतर सौम्य साबणाच्या पाण्यानें खिडकी धुवावी. पडदा सैल असतो. म्हणून दुसऱ्याकडून पलीकडच्या बाजूस टॉवेल धरून आधार देववावा, नाहीं तर जोर वायां जातो. प्लॅस्टिकसाठींच केलेलें पॉलिश मऊ फडक्यावर थोडेंसें घेऊन वीतभर जागा हलक्या हातानें चोळावी, पुसावी, मग पुढची घ्यावी. खिडकीला आंतली बाजूहि असते हें पुष्कळ जण विसरतात, आणि पॉलिशला नांवें ठेवितात. ओरखडे फारच दाट असल्यास मोटारीचे रंगारी वापरतात तो वॉटर पेपर, २००० नंबरचा आणि त्यानंतर ३००० नंबरचा, साबणाच्या पाण्यांत भिजवून अलगद फिरवावा. त्यानें खिडकी आधीं अधिकच पांढरी दिसते. घाबरून जाऊं नये, पॉलिशनें ती उजळते. विजेच्या यंत्राचा मोह नवख्यानें टाळावा, कारण घर्षणाच्या उष्णतेनें हें प्लॅस्टिक मऊ पडून त्यावर वळ उठतात. टूथपेस्ट लावण्याचा सल्लाहि सर्रास दिला जातो. तिनें थोडा फरक पडतो, नाहीं असें नाहीं. पण तिच्यांतील कण दातांसाठीं निवडलेले असतात, खिडकीसाठीं नव्हे. कांच पुसण्याचीं अमोनियायुक्त द्रावणें तर ह्या खिडकीजवळ आणूंच नयेत.

उजळलेली खिडकी पुन्हां बिघडते ती बहुधा टप दुमडतांना. एमएक्स-५ मध्यें झिप आहे ती ह्यासाठींच : आधीं ती उघडून खिडकी सपाट पाडावी, मग टप मागें न्यावा. जेथें झिप नाहीं तेथें घडींत मऊ टॉवेल घालावा. कडक थंडींत प्लॅस्टिक ताठरतें; अशा सकाळीं टप मुळींच दुमडूं नये, कारण घडीवर चीर गेली तर तेथें पॉलिशचा इलाज चालत नाहीं, आणि टप शिवणाऱ्या कारागिराकडून नवा पडदा बसवून घेणें एवढेंच उरतें.