पावसाळ्यात अडकलेला हँडब्रेक

जुलैत आठवडाभर ठाकुर्लीत पाऊस कोसळतो, गाडी सोसायटीच्या आवारात उभी राहते. मग एका सकाळी हँडब्रेक खाली करूनही मागचं चाक हलत नाही. लेह-लडाखच्या थंडीत पाणी गोठून हँडब्रेक अडकतो. आपल्याकडे तेच काम गंज करतो.

बहुतेक छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांत ड्रम ब्रेक असतात. हँडब्रेक ओढला की केबल ताणली जाते आणि ब्रेक शू ड्रमला घट्ट चिकटतात. ओलावा राहिला की ड्रमचं लोखंड गंजतं आणि शू तिथेच धरून बसतात. कधी केबलही आतून गंजते.

अशा वेळी इंजिन सुरू करा, हँडब्रेक पूर्ण खाली करा आणि गाडी अगदी हळू पुढे-मागे करून पाहा. बऱ्याचदा ‘टक्’ आवाज होऊन चाक सुटतं. नाही सुटलं, तर जोर लावू नका, मेकॅनिकला बोलवा. ब्रेकच्या आत तेल किंवा स्प्रे मुळीच मारू नका. ब्रेक लागेनासे होतील.

त्यापेक्षा आधीच काळजी घ्या. साचलेल्या पाण्यातून आल्यावर, मागे वाहन नसताना, हळू चालवत ब्रेक दोन-चारदा हलकेच दाबा. ते कोरडे होतात. गाडी बरेच दिवस ठेवायची असेल, तर सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर ठेवा. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, मगच हँडब्रेक सोडा. उतारावर मात्र हँडब्रेक हवाच. आणि पावसाळ्याआधी केबल तपासून घ्या.