आपल्या बोलीतला खेळ

मोबाईलवरचे बरेच खेळ लेकराशी इंग्रजीत बोलतात. आपल्या बोलीतला खेळ आपणही करू शकतो. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेनं २००७ साली आणलेलं ‘स्क्रॅच’ मोफत आहे. संगणकावर एकदा उतरवलं की नेटशिवाय चालतं.

शेळी, घागर, कणीस अशी तीन चित्रं घ्या. “शेळी कुठंय?” हे स्वतःच्या आवाजात भरा. मग ठोकळे जोडायचे: शेळीवर क्लिक केलं तर “शाब्बास!”, दुसऱ्या चित्रावर केलं तर “परत बघ!” गटात आपण ठरवतोच ना, हप्ता चुकला तर दंड? संगणकालाही असाच नियम सांगायचा. लेकरू चुकलं तर मात्र दंड नाही, पुन्हा संधी.

घरी संगणक नसेल तर शाळेत विचारा. दोघी-तिघींनी मिळून एक खेळ करून बघा, आणि लेकरू खेळताना शेजारी बसा.