प्रवासातला रियाज आणि लहान तंतुवाद्ये



जुन्नर तालुक्यातील नारायणगावाहून लोणीसारख्या गावांच्या यात्रांना जाणाऱ्या तमाशाच्या फडांबरोबर तुणतुणे,
म्हणजे कातडे मढवलेल्या पोकळ लाकडी नळ्यातून एकच तार ताणलेले वाद्य, सहज फिरते;
मात्र त्याची तार ढोलकीच्या गजरातही ऐकू यावी लागत असल्याने, मुक्कामी इतर झोपले असताना रियाजाला ते गैरसोयीचेच.

तारेचा आवाज वाद्याच्या पोकळीमुळे वाढतो.

मिरजेच्या ज्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा घुमारा मोठ्या भोपळ्यावर अवलंबून असतो;
उलट चपट्या लाकडी पेटीची तानपुरी आडवी ठेवून हलकेच छेडता येते.

पोकळी लहान, तर आवाजही लहान;
म्हणून तानपुरी घेताना नक्षीआधी पेटीची खोली पाहावी.