पहिला जंतू कुणी घडवला?



आज आम्ही एका युक्तिवादाची तपासणी करणार आहोत. प्रवचनांतून, छापील पत्रकांतून तो आपल्या मुलांपर्यंत पोचतो. तो असा : "निर्जीवातून जीव निर्माण होत नाही, हे पाश्चरनं सिद्ध केलं. मग पहिला सूक्ष्मजीव अर्थातच कुणीतरी घडवला. विज्ञानच देवाची साक्ष देतं." ऐकायला सरळ वाटतं. पण आम्ही साचेखात्यातली माणसं. सूत कुठं तुटलं ते पाहिल्याशिवाय साचा पुढं चालवत नाही.

आधी इतिहास पाहू. १७४८ साली नीडहॅम या इंग्रजानं मटणाचा रस्सा तापवून, बूच लावून ठेवल्याचं लिहिलं. काही दिवसांनी त्यात जंतू दिसले. तापवताना सगळे मेले, तरी नवे आले, म्हणजे ते आपोआप जन्मले, असं तो म्हणाला. चूक कुठं? 'सगळे मेले' हे त्यानं धरूनच चाललं होतं. पुढं इटलीच्या स्पलान्झानीनं चंबूंची तोंडं वितळवून बंद केली आणि रस जास्त वेळ उकळला. जंतू आले नाहीत. विरोधक म्हणाले, उकळून जीवनशक्तीच नष्ट केली!

१८६० च्या सुमारास फ्रान्सच्या पाश्चरनं हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीचे चंबू केले. हवा आत जाई, धूळ वळणात अडके. उकळलेला रस स्वच्छ राही. मान मोडली की त्यात जंतू वाढत. म्हणजे जंतू धुळीबरोबर येत होते. पण त्याचा विरोधक पुशे गवताचा काढा वापरी, आणि तो उकळूनही जंतू येत. त्याचं कारण १८७६ मध्ये कोन या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवलं : गवतातल्या जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तगतात. पाश्चरचा निष्कर्ष बरोबर होता, पण नुसतं उकळणं प्रत्येक रसाला पुरेसं नव्हतं.

आता त्या युक्तिवादाकडे वळू. त्यात तीन चुका आहेत.

पहिली, पुरावा चंबूचा आणि निष्कर्ष अख्ख्या पृथ्वीचा. आजचे जंतू रशात आपोआप उपजत नाहीत, एवढंच पाश्चरनं दाखवलं. साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीही पृथ्वीवर सूक्ष्मजीव होते. त्याआधीच्या हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. समुद्र अफाट होते आणि वेळ कोट्यवधी वर्षांचा होता.

दुसरी, 'ठाऊक नाही' याला पुरावा मानणं. उत्तर सापडलं नाही म्हणजे आपलं उत्तर खरं ठरत नाही.

तिसरी, नियमातून आपल्या माणसाला सूट. जीव जीवातूनच येतो, तर मग घडवणारा कुठून आला?

हाच तराजू आपल्या बाजूलाही लावू. १९५३ साली अमेरिकेत स्टॅनले मिलरनं मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्यात विजेच्या ठिणग्या सोडल्या. अमिनो आम्लं तयार झाली. पण तो जीव नव्हे. विटा आल्या म्हणून घर उभं राहत नाही. पहिली पेशी कशी घडली, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. "विज्ञानानं सगळं सिद्ध केलंय" असं आपल्यापैकी कुणी म्हणालं, तर तेही चूकच.

मित्रांनो, हा वाद नुसता जंतूंचा नाही. "कारण दिसत नाही ना, मग आम्ही सांगू तेच कारण," याच हिशेबानं आपल्या आज्या-पणज्यांना सांगितलं गेलं, की तुमचा जन्म मागच्या जन्मीच्या पापाचं फळ आहे. पुरावा मागायची सोय नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या माणसं त्या एका खोट्या निष्कर्षाखाली दबली.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितलं ते हेच, की परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावर मानू नका. म्हणून मुलांना तीन प्रश्न शिकवा. पुरावा काय? तो किती दूर पोचतो? दुसरं कारण शक्य आहे का? पोरानं हे प्रश्न आपल्यालाच विचारले, तर त्याला गप्प बसवू नका. आम्ही आज जे बोललो, तेही तपासून घ्या.

जयभीम! जय भारत!